आवाजाचा उंबरठा

कॉम्प्रेसर हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. फ्रिज थंड करीनासा झाला की दुरुस्तीवाला मागे वाकून पाहतो, 'कॉम्प्रेसर गेला' असे गंभीरपणे सांगतो आणि त्या महिन्याचा जमाखर्च कोलमडतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या टपरीतही एक कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असतो. पण याच नावाचा आणखी एक गृहस्थ आपल्या घरी रोज येऊन जातो आणि आपली त्याच्याशी साधी तोंडओळखही नसते. सकाळच्या बातम्या, दुपारच्या मालिकेतल्या नायिकेची कुजबुज, रात्री मोबाइलवर लावलेले भावगीत, या सगळ्यांवरून त्याचा हात फिरलेला असतो. ते दोघे वायू दाबतात, हा आवाज दाबतो. यंदाच्या दिवाळीत सदराची जागा या तिसऱ्या पाहुण्याला द्यावी असे मनात आले.

मराठी शिकवणाऱ्या माणसाने या यंत्राच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. याला कारण माझा भाचा. तो ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करतो. त्यातही गाण्याच्या प्रत्यक्ष बैठका मुद्रित करण्याचा त्याला भारी नाद. त्याच्या खोलीत एका लोखंडी मांडणीत चार-पाच काळ्या-करड्या पेट्या एकीवर एक रचलेल्या आहेत. प्रत्येकीला पाच-सहा बटणे आणि एक थरथरणारा काटा. हल्ली हे सारे काम संगणकात होते म्हणतात. तरीही हा पठ्ठ्या त्यातल्या दोन जड पेट्या रिक्षात घालून बैठकीला नेतो. "हे करतात तरी काय?" असे मी एकदा विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, आत एक माणूस बसला आहे असे समजा. त्याचा हात आवाजाच्या बटणावर आहे. आवाज एका ठरावीक रेषेच्या वर गेला की तो बटण थोडे खाली करतो. आवाज उतरला की बटण पुन्हा जागेवर आणतो. बस्स, एवढेच."

त्या रेषेला ही मंडळी 'थ्रेशोल्ड' म्हणतात. थ्रेशोल्ड म्हणजे आपला उंबरठा. हा शब्द समजला आणि मला ते यंत्र एकदम घरचे वाटू लागले. उंबरठ्याच्या आत आहे तोवर आवाजाला कोणी काही बोलत नाही. बाहेर पाऊल पडले की शिस्त सुरू. शिस्त किती कडक, ते 'रेशो' म्हणजे प्रमाण ठरवते. प्रमाण चारास एक असेल, तर उंबरठ्याच्या 12 डेसिबल वर गेलेला आवाज बाहेर पडताना अवघा 3 डेसिबल वर राहतो. बाकीचे 9 यंत्र गिळून टाकते. शिवाय दोन काळ ठरवावे लागतात: आवाज उंबरठा ओलांडल्यावर यंत्राने त्याला किती वेळात धरायचे, आणि तो परतल्यावर किती वेळात सोडायचे. शेवटी एक बटण सगळ्याचीच पातळी उचलण्याचे. मोठा आवाज खाली दाबला की वर जागा रिकामी होते. मग सगळेच थोडे वर सरकवता येते. म्हणजे नाव दाबण्याचे असले, तरी प्रत्यक्षात लहान आवाज मोठा करण्यासाठीच या यंत्राचा उपयोग अधिक होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पण मुळात गाणाऱ्याने जसे गाइले तसेच ते का ठेवू नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. पंखा चालू असलेल्या, खाली रस्ता वाहत असलेल्या दिवाणखान्यात नुसत्या शांततेचाच आवाज चाळीस-पंचेचाळीस डेसिबल असतो. उलट ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर आवाज गेला की शेजारचे दार वाजते. म्हणजे अगदी हळू स्वरापासून अगदी मोठ्या स्वरापर्यंत सगळे गाणे आपण जेमतेम चाळीस डेसिबलांच्या खोलीत बसवू पाहतो. 16 बिटांच्या सीडीची झेप सुमारे 96 डेसिबलांची आणि चांगल्या बैठकीतल्या गाण्याचा विस्तारही आपल्या दिवाणखान्याहून मोठाच. वाड्यातले फडताळ दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात न्यायचे तर कुठेतरी तासावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

ही अडचण आजची नव्हे. 1902 साली फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास येऊन गौहर जान यांचे गाणे मुद्रित करून गेला, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्या काळच्या मुद्रणात मोठ्या स्वराला गायकाने मागे सरायचे आणि हळू स्वराला पुढे यायचे, असा रिवाज होता. कधी कधी तर गायकाला धरून मागे-पुढे करीत. तो धरणारा माणूस म्हणजे पहिला कॉम्प्रेसरच की! 1925 च्या सुमारास विजेवर मुद्रण सुरू झाले, रेडिओ पसरला, आणि मग तंत्रज्ञ बटणावर हात ठेवून गाण्याबरोबर तो वर-खाली करू लागले. रेडिओच्या प्रक्षेपणात आवाज मर्यादेबाहेर गेला की तो फाटतो, शिवाय शेजारच्या केंद्राच्या हद्दीतही शिरतो. माणसाचा हात कितीही चपळ असला, तरी स्वर येऊन गेल्यावरच तो हलणार. म्हणून 1930 च्या दशकात अमेरिकेत हे काम करणारी यंत्रे रेडिओ केंद्रांवर आली.

पुढे या यंत्रांत एकेक व्यक्तिमत्त्व आले. जिम लॉरेन्स नावाचा अमेरिकन अभियंता. त्याने पूर्वी क्षेपणास्त्रांसाठी प्रकाश ओळखणाऱ्या साधनांवर काम केले होते. तीच युक्ती त्याने 1960 च्या दशकात गाण्यासाठी वापरली. त्याच्या 'एलए-टू-ए' या पेटीत आवाज मोठा झाला की एक चकती अधिक उजळते. तो उजेड समोरच्या प्रकाशग्राही घटकावर पडतो आणि आवाज मवाळ होतो. दिवा विझल्यावरही त्या घटकाला झाल्या गोष्टीचा विसर पडायला थोडा वेळ लागतो, म्हणून हे यंत्र आवाज आधी चटकन आणि मग सावकाश सोडते. मुख्य बटणे दोनच. गळ्याला हे मानवते. दुसरे, मूळच्या एस्टोनियातल्या राइन नार्मा यांनी घडवलेले 'फेअरचाइल्ड 670': आत 20 निर्वात नळ्या आणि वजन जवळजवळ 30 किलो. त्याच घराण्यातले धाकटे '660' लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत होते. 1966 साली बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज' या गाण्यातले रिंगो स्टार यांचे ढोल त्यातूनच दाबून काढले होते. तिसरे, बिल पटनम यांचे 1967 चे '1176'. हे आवाजाला सेकंदाच्या 50 हजाराव्या भागात धरू शकते. पोलिसांत काही शिपाई समजूत घालणारे असतात आणि काही आधी मानगूट धरणारे, तसेच हे.

आता संगणक असताना या पेट्या कशाला? भाच्याने सांगितले ते असे. संगणकातला कॉम्प्रेसर आवाज आत आल्यावर काम करतो; पेटी दारातच उभी असते. मायक्रोफोनमधून आलेल्या विजेचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या साधनाला एक छत असते. स्वर त्या छताला धडकला की फुटतो, आणि फुटलेला स्वर मागाहून सांधता येत नाही. स्टुडिओत 'पुन्हा एकदा घेऊ या' असे म्हणता येते. बैठकीत लागलेला तार षड्ज पुन्हा मागता येत नाही. म्हणून दारात एक सौम्य पहारेकरी ठेवायचा. अर्थात 24 बिटांच्या मुद्रणात झेप इतकी मोठी असते की पातळी बेताची ठेवली तर पहारेकऱ्याची फारशी गरज पडत नाही, आणि आता तर छतच उंच करून ठेवणारी मुद्रणयंत्रेही निघाली आहेत. तेव्हा आज पेटी वापरायची ती गरजेपेक्षा तिच्या गुणासाठी: तिच्या नळ्या आणि रोहित्रे आवाजाला जो किंचित गोडवा देतात त्यासाठी, आणि बैठक चालू असताना हाताला बटण लागते त्यासाठी. "मात्र एक आहे, मामा," तो म्हणाला, "दारात दाबले ते कायमचे दाबले. भाजीत मीठ पडल्यावर काढता येत नाही, तसेच. म्हणून मुद्रण करताना चिमूटभर, आणि पुढे मिश्रण करताना लागेल तसे."

त्याचे चिमूटभर म्हणजे प्रमाण दोनास एक, आणि मोठ्या स्वरालाही काटा दोन-तीन डेसिबलांपलीकडे हलता कामा नये. शिवाय त्याच मायक्रोफोनची दुसरी एक तार तो पेटीला वळसा घालून थेट मुद्रणयंत्रात नेतो. न दाबलेला आवाज असा शेजारी जसाच्या तसा राहतो.

आपल्या संगीतात या यंत्राची परीक्षाच असते. तबल्याची थाप क्षणभराची. यंत्राने तिला फार लवकर धरले तर थापेचे टोकच मोडते आणि तबला उशीवर वाजवल्यासारखा वाटतो. पंचवीस-तीस मिलिसेकंद उशिरा धरले, तर टोक सुखरूप निसटते आणि मागची आस तेवढी हाती लागते. तानपुरा याच्या अगदी उलट, अखंड वाहणारा. सगळी बैठक एकाच कॉम्प्रेसरमधून काढली आणि सोडण्याचा काळ चुकला, तर प्रत्येक थापेबरोबर तानपुरा बुडतो आणि पुन्हा वर येतो, दम लागलेल्या माणसासारखा. डग्ग्याचा घुमारा तर फारच ताकदवान. तो घुमला की यंत्र आवाज दाबते आणि गुन्हा डग्ग्याचा असून शिक्षा गायिकेच्या स्वराला होते. यावर तोड अशी की यंत्राच्या कानाला खालचे स्वर ऐकूच येऊ द्यायचे नाहीत; तशी सोय पेटीत असते. सभागृहातल्या ध्वनिक्षेपकांच्या बाबतीत आणखी जपावे लागते. कॉम्प्रेसर लावून सगळी पातळी 6 डेसिबलांनी उचलली, तर गायिका गप्प असताना शिटी वाजण्याची वेळही तेवढीच जवळ येते. कार्यक्रमात मधूनच कर्णे किंचाळतात, त्यामागे कधी कधी हेच असते.

हे सगळे शास्त्र झाले. त्याची खरी किंमत मला गेल्या दिवाळीत कळली.

आमच्या पेठेत एक बाई राहतात. वय 78. चाळीस वर्षे त्यांनी घरी गाणे शिकवले. मोठ्या महोत्सवांच्या वाटेला त्या कधी गेल्या नाहीत. शिष्यांनी आग्रह करून दिवाळी पहाटेला एका लहानशा सभागृहात त्यांचे गाणे ठेवले. माणसे शे-सव्वाशे. मुद्रण भाच्याकडे. बाई ललत गाइल्या. आवाज आता बारीक झालेला, पण स्वर कसा, तर निरांजनाच्या ज्योतीसारखा स्थिर. मंद्रात त्या इतक्या हळू गेल्या की मागच्या रांगेतली माणसे नकळत पुढे झुकली. आणि मग एकदाच, अर्ध्या-पाऊण तासाने, त्यांनी तार षड्जावर पुकार केली. सभागृह हलले म्हणतात ते काय, हे मी त्या दिवशी पाहिले.

पंधरा दिवसांनी भाच्याने मिश्रण तयार केले. बाईंचे चिरंजीव परदेशी असतात. मोटारीत ऐकता आले पाहिजे, फोनवरही नीट वाजले पाहिजे, असा त्यांचा निरोप होता. भाच्याने त्याप्रमाणे प्रमाण आठास एक केले, उंबरठा खाली आणला, मोठे स्वर दहा-बारा डेसिबलांनी दाबले आणि सगळे वर उचलले. ऐकायला गाणे भरघोस वाटत होते. एक अक्षर सुटत नव्हते. आम्ही दोघे ते घेऊन बाईंकडे गेलो.

बाईंनी डोळे मिटून दहा-बारा मिनिटे ऐकले. मग हाताने खूण करून थांबवायला सांगितले.

"अरे, मला एवढा दम लागला होता का?" त्यांनी विचारले.

भाचा गडबडला. "नाही बाई. श्वास हळूच होता. लहान आवाज वर उचलताना तोही उचलला गेला."

"असेल. म्हाताऱ्या माणसाचा श्वास आहे, ऐकू आला तर आला. त्याचे काही नाही. पुढे लाव, ती पुकार लाव."

पुकार लावली. स्वर आला, स्पष्ट आला. पण आला आणि शेजारी येऊन बसला. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

"बाळ," मग त्या म्हणाल्या, "हा स्वर मी लांबून आणला होता. अर्धा तास खाली राहिले, ते त्या एका स्वरासाठी. तू मला पहिल्यापासूनच माडीवर नेऊन बसवलेस. मग जिना चढायचा राहिलाच कुठे? मुलींना मी जन्मभर एकच सांगत आले, आवाज लहान करायला शिका. मोठा करणे काय, रागावले की कोणालाही येते."

भाच्याने वाद घातला नाही, आणि आपली बाजूही सोडली नाही. "बाई, तुमचे म्हणणे खरे आहे. पण न दाबलेले गाणे तसेच पाठवले, तर मोटारीत तुमचा मंद्र ऐकूच जाणार नाही. दादा आवाज वाढवतील, आणि पुकार आली की दचकून कमी करतील. मग तुमचा जिना त्यांच्या हाताने मोडेल."

बाई हसल्या. "मग मधले काहीतरी काढ. तुम्हां लोकांना येते ना?"

त्याने मधले काढले. न दाबलेली दुसरी तार पुढे घेतली, दाबलेला आवाज तिच्याखाली अगदी पातळ मिसळला, म्हणजे मंद्राला आधार मिळाला आणि पुकारीची उंचीही शाबूत राहिली. आलापीच्या सुरुवातीची पातळी त्याने यंत्रावर न सोपवता स्वतःच्या हाताने, जागा पाहून उचलली आणि पुढे कोणाला कळणार नाही इतक्या सावकाश उतरवली. रेडिओच्या पहिल्या दिवसांत बटणावर हात ठेवून बसणाऱ्या माणसाचेच हे काम. दोन रात्री गेल्या. बाईंनी ते अखेरपर्यंत ऐकले आणि "आता मी आहे" एवढेच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी बाहेर गाणे बंद केले. तेव्हा त्या पहाटेचे जे काही उरले आहे, ते त्या दोन तारांच्या मिश्रणात आहे.

मला वाटते, या प्रकरणात दोघेही बरोबर होते, आणि म्हणूनच ते अवघड होते. कॉम्प्रेसर खोटे बोलतो असे म्हणावे, तर तो नसताना आपल्या घरांत गाणे पोचतच नाही. खरे बोलतो म्हणावे, तर कुजबुज आणि हाक यांतले अंतर मिटवण्याइतके मोठे असत्य गाण्यात दुसरे कोणते? 1990 नंतरच्या काळात पाश्चात्त्य संगीताच्या बाजारात तर प्रत्येकाला आपली सीडी शेजाऱ्याच्या सीडीहून मोठी वाजायला हवी होती. दाबता दाबता गाण्यातला चढउतार इतका सपाट झाला की 2008 साली मेटॅलिका या गाजलेल्या मेळ्याच्या रसिकांनीच त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रिकेविरुद्ध तक्रार केली. दूरदर्शन संचावरच्या जाहिराती मालिकेपेक्षा मोठ्या का वाटतात, हेही आता कळेल. त्यांचे शिखर मालिकेच्या शिखराहून उंच नसते. त्यांच्यात दऱ्याच नसतात. अमेरिकेत या जाहिरातींच्या आवाजावर 2010 साली कायदा करावा लागला. इंटरनेटवर गाणी ऐकवणाऱ्या बऱ्याच सेवा आता प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी मोजून सर्वांना एका रांगेत आणतात. त्यामुळे विनाकारण दाबून ओरडण्यातला फायदा पुष्कळसा संपला आहे. शहाणपण येते, पण उशिरा येते.

घराघरांतही हा उंबरठा असतोच. काही घरांत मोठ्याने कोणी बोलत नाही, आणि काही घरांत सगळेच सारख्या मोठ्याने बोलतात. दोन्हीकडे कोणाला खरोखर काही सांगायचे असेल तर ते ऐकू जायची पंचाईत. वर्गात मी पाहतो, मास्तरांनी तासभर एकाच पट्टीत घसा फोडला की मागचा बाक झोपतो. आवाज खाली आणला की तोच बाक मान वर करतो. भाषेतही जोर सगळ्याच शब्दांवर दिला, तर तो कोणत्याच शब्दावर पडत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळानंतर बैठकीचे एखादे मुद्रण ऐकायला बसलात, तर एवढे करून पाहा. पंखा बंद करा. पहिल्या आलापातला सर्वांत हळू स्वर जेमतेम ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा, आणि मग अखेरपर्यंत बटणाला हात लावू नका. सुरुवातीला थोडे पुढे झुकावे लागेल. झुकावे. गाणाऱ्याने तेवढ्यासाठीच आवाज लहान केलेला असतो.